पिंजरा न लावता उंदरांना बाहेर ठेवायचं असेल तर: आधी काय, मग काय

"भोकं बुजवली, तरी उंदीर आहेतच." दर पावसाळ्याआधी ही तक्रार कानावर येते. जरा खोदून विचारलं की कळतं, काम सगळं केलेलं असतं, फक्त उलट्या क्रमाने. आधी डांबरगोळ्या, मग भिंतीला लावायचं ते आवाजाचं यंत्र, मग चिडून आतल्या बाजूने सिमेंट. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो आतच कोंडलेला.

मीही हे केलंय. एका मे महिन्यात ओट्याखालचं भोक बुजवून, घराला कुलूप लावून पुण्याला निघून आलो. गणपतीच्या आदल्या दिवशी दार उघडलं तर दाराचा खालचा कोपरा आतून कुरतडलेला, गादीतला कापूस माजघरभर, आणि ओट्याखालून असा वास की पहिली रात्र पडवीत काढली.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. समोर कोकणातलं कौलारू, वर्षातले आठ-नऊ महिने बंद असणारं घर धरलंय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी छपराचा भाग सोडून द्यावा. गाडी किंवा कॅरव्हॅनसाठी शेवटचा टप्पा आहे, पण थेट तिथे उडी मारू नका, पद्धत तीच आहे.

कधी करायचं

वर्षातून दोनदा. एकदा मे महिन्यात, मृगाच्या आधी. पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि घुशी-उंदीर कोरडी जागा शोधत निघतात. दुसऱ्यांदा भातकापणीच्या आधी, म्हणजे नवरात्राच्या आसपास. शेतं मोकळी झाली की तिथलं खाणं आणि आडोसा दोन्ही जातं, आणि पुढचा मुक्काम आपल्याकडे असतो. दिवाळीला "अचानक उंदीर कुठून आले" असं वाटतं, त्याचं कारण घराजवळच्या खाचरात असतं.

निदान चार-पाच दिवस सलग घरात राहता येईल अशी सवड काढा. शनिवार-रविवारात हे काम होत नाही. घाईत केलं की माझ्यासारखं होतं.

सामान

पाव इंची वेल्डेड जाळी (हार्डवेअरच्या दुकानात 'पाव इंची' म्हटलं की कळतं, खारं वारं लागत असेल तर स्टेनलेस स्टीलचीच घ्या), भांडी घासायच्या स्टेनलेस तारेच्या घासण्या डझनभर, सिमेंट, वाळू, एमसील, दारांसाठी जीआय पत्र्याची पट्टी, टॉर्च, खडू, एक पेन्सिल, रांगोळी, रद्दी, रबरी हातमोजे, मास्क, ब्लीच.

डासांची नायलॉनची जाळी, थर्माकोल, फवारून फुगणारा फोम, बोळा करून कोंबलेली चिंधी, लाकडाचा ठोकळा: यातलं काहीही उंदराला अडवत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, तो कुरतडणारच. फोममधून तर तो रात्रीत आरपार जातो.

## टप्पा १: आलंय कोण ते ओळखा

लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, टोकदार, इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर छोटा घरउंदीर. शेंगदाण्याच्या दाण्याएवढ्या किंवा मोठ्या असतील तर मोठा उंदीर. तो बहुधा वरून, छपरातून येतो. अंगणात किंवा जोत्यालगत मातीचा ताजा ढीग आणि मूठभर रुंदीचं बीळ असेल तर घूस. हिचा रस्ता जमिनीखालून.

लांब सोंडेसारखं तोंड, भिंतीच्या कडेकडेने पळणं, चीं-चीं आवाज आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या जातीतलीच नव्हे. झुरळं-किडे खाते, धान्याच्या वाटेला फारशी जात नाही. तिच्यासाठी एवढा पसारा मांडू नका, दाराखालची फट बंद केली की पुरतं.

> सावधान: बिळात किंवा भोकात हात घालायचा नाही. जिथे उंदीर तिथे त्याच्या मागावर साप येतो. धामण असली तर निभावेल, घोणस किंवा नाग असला तर नाही. टॉर्च आणि काठी वापरा. साप दिसला तर काम थांबवा आणि सर्पमित्राला बोलवा.

## टप्पा २: सगळ्या वाटा शोधा, बुजवू काहीच नका

इथेच लोक घाई करतात. एक भोक दिसलं की लगेच सिमेंट कालवायला घेतात. आज फक्त खडूने खुणा करायच्या.

माप सोपं आहे. पेन्सिल आत गेली की छोटा उंदीर जातो. अंगठा गेला की मोठा. "एवढ्याशा फटीतून कसा येईल?" हा विचारच करू नका. पेन्सिल घालून बघा, गेली की खूण.

दोन फेऱ्या मारा. पहिली दुपारी: दारं-खिडक्या लावून, आतले दिवे घालवून आत उभे राहा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे खूण. दुसरी रात्री: आतले सगळे दिवे लावून बाहेरून घराभोवती फिरा. दुपारच्या फेरीत न दिसलेल्या फटी आता दिसतात, विशेषतः खिडकीच्या चौकटीखाली आणि छपराच्या कडेला.

वाटा साधारण इथे सापडतात.

मोरी आणि ओट्याखाली. सिंकचा वेस्ट पाईप भिंतीतून जातो तिथलं भोक पाईपापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठं असतं. प्लंबर ते तसंच सोडतो, आणि ओट्याखालच्या अंधारात ते कुणाला दिसत नाही. वाकून, टॉर्च मारून, भिंतीपर्यंत नजर घाला. शहरातल्या फ्लॅटमध्येही पहिला संशयित हाच. मग गॅसच्या पाइपलाइनचं भोक, एसीच्या नळ्यांचं भोक आणि डक्टकडे उघडणारा एक्झॉस्ट पंखा.

नहाणी. ट्रॅपमधलं (सांडपाण्याच्या नळीच्या वळणात साचून राहणारं) पाणी घर बंद असताना सुकतं आणि गटारापासून थेट वाट मोकळी होते. वरची प्लास्टिकची जाळी नुसती ठेवलेली असेल तर ती नसल्यातच जमा.

दारांखाली. मागच्या दाराचा उंबरा झिजलेला असतो. दार बंद करून खाली पेन्सिल फिरवा.

छप्पर. भिंतीचा माथा आणि कौलांची खालची ओळ यांच्यामध्ये, प्रत्येक दोन वाशांच्या मधे एक पोकळी असते. मोठ्या उंदरांचा हा राजरस्ता. वाशांवर, भिंतीच्या माथ्यावर काळपट तेलकट पट्टा दिसतो का बघा. रोज त्याच वाटेने अंग घासत गेल्याची ती खूण असते. सरकलेली, फुटलेली कौलं वेगळी मोजा.

झाडं. आंब्या-फणसाची फांदी कौलांना टेकलेली असेल तर भिंतीची सगळी भोकं बुजवून उपयोग नाही. छपरापासून निदान दीड-दोन मीटर अंतर राहील एवढी छाटा. माडाचं झाप छपरावर येत असेल तर खोडाला, साधारण दोन मीटर उंचीवर, हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. बागायतदार नारळ वाचवायला हेच करतात. शेजारच्या झाडावरून उडी मारता येत असेल तर मात्र त्या पत्र्याचा उपयोग नाही.

नक्की कुठली वाट चालू आहे हे बघायचं असेल तर रात्री भोकापुढे रांगोळीचा पातळ थर भुरभुरवा. सकाळी चिमुकल्या पावलांचे ठसे दिसतात आणि मधून शेपटीची बारीक रेघ. पावलं आत जातायत की बाहेर, तेही वाचता येतं. कणीक वापरू नका. आमच्या वहिनींनी एकदा वापरली होती. सकाळी ठसेही नव्हते आणि कणीकही नव्हती.

## टप्पा ३: खाणं आणि अंथरूण काढून घ्या

बुजवण्याच्या आधी हे का? कारण आत पोटभर खायला असेल तर उंदीर बाहेर जाणारच नाही, आणि पुढचा सगळा डाव तो स्वतःहून बाहेर जाण्यावर आहे.

धान्य, पोहे, कडधान्यं, सुकी मासळी, आमसुलं, सगळं पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. प्लास्टिकचा डबा कितीही जाड असला तरी तो पुढच्या मुक्कामापर्यंतच टिकतो. कुत्र्याचं खाणं आणि कोंबड्यांचे दाणे लोक हमखास विसरतात.

आणखी दोन जागा विसरल्या जातात. एक देवघर: तेलात भिजलेली वात उंदराला आवडते, समईतून ओढून नेतो. वात पेटती असेल तर ही गंमत राहत नाही. त्यामुळे रात्री समई रिकामी करून पुसून ठेवा, तेलाची बाटली कपाटात. दुसरी मोरी: अंगाचा साबणही तो खातो.

मग अंथरूण. रद्दीचे गठ्ठे, पोती, खोके, जुन्या गोधड्या, माळ्यावरचा पेंढा. गाद्या-गोधड्या पत्र्याच्या ट्रंकेत घाला किंवा दोरीवर, भिंतीपासून लांब टांगा. जमिनीवरचं सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. उंदीर भिंतीला धरून चालतो, आडोसा गेला की अस्वस्थ होतो.

> सावधान: लेंड्यांवर कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकातोंडात जाते. हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी घालून लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचला आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा फिनेल मिसळू नका, ॲसिडबरोबर विषारी वायू होतो. पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा.

तपासा: साफसफाईत कागद-कापसाचं घरटं आणि त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं सापडली तर पुढचा टप्पा लांबवा. आईला बाहेर कोंडलं तर ती आत शिरायला दार पोखरते, आणि आत राहिलेली पिल्लं मरून कुजतात. साधारण तीन आठवड्यांत पिल्लं आपल्या पायांनी हिंडू लागतात. तेवढा वेळ नसेल तर निदान त्या खोलीतली वाट उघडी ठेवा.

## टप्पा ४: बाहेरून बुजवा, एक वाट सोडून

रांगोळीत जी वाट सगळ्यांत जास्त वापरातली दिसली ती उघडी ठेवायची. बाकी सगळ्या बंद.

बाहेरून का? आतून बुजवलं तर भिंतीच्या जाडीत पोकळी तशीच राहते, तिथे संसार थाटता येतो. जांभ्याच्या भिंतीत तर अशा पोकळ्या भरपूर. आमचे गवंडी म्हणाले होते, "भाऊ, आतून लिंपलंत तर तुम्ही त्याला खोली बांधून दिलीत." ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

१. मोठं भोक: आत तारेच्या घासण्या ताणून, मोकळ्या करून घट्ट ठासा, मग एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा. जुने लोक मालात फुटक्या काचा घालतात, तेही चालतं, फक्त जाड हातमोजे हवेत.

२. हे काम सकाळीच करा. ओलं सिमेंट उंदीर रात्रीत उकरून काढतो, मी दोनदा पाहिलंय. पहिल्या रात्री वर फरशीचा तुकडा टेकवून दगड लावा. मग आठवडाभर पाणी मारा.

३. पाईपाभोवतीची बारीक फट: घासणीचा वेटोळा, वर एमसील. वळ्यावळ्यांचा लवचीक वेस्ट पाईप असेल तर तो काढून कडक पीव्हीसीचा बसवा.

४. नहाणी: स्टीलची जाळी, स्क्रूने आवळलेली.

५. दारं: खालच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, पत्र्याची पट्टी. राहिलेली फट सहा मिलिमीटरहून कमी. नुसती रबरी पट्टी कुरतडली जाते. रबर लावायचंच असेल तर पत्र्याच्या मागे.

६. कौलांखाली: दोन वाशांमधल्या प्रत्येक पोकळीत जाळी मापाने कापून, कडा इंचभर दुमडून, खिळ्यांनी वाशांना आणि भिंतीला ठोका. कंटाळवाणं काम आहे. एक पोकळी सोडली तरी बाकीच्या सगळ्या फुकट.

> सावधान: हवेच्या वाटा सिमेंटने बंद करू नका, जाळीच लावा. गॅस सिलिंडर असलेल्या स्वयंपाकघरात जमिनीलगतचा झरोका तर कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो आणि त्याच वाटेने बाहेर जातो. सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाईपलाही फक्त जाळी. आणि वायरींजवळ तारेची घासणी ठासू नका, शॉर्ट होईल. तिथे मेन बंद करून सिमेंट वापरा.

## टप्पा ५: शेवटच्या वाटेची परीक्षा

या टप्प्यासाठीच हा लेख लिहिलाय, कारण हा जवळजवळ कुणीच करत नाही.

उघडी ठेवलेली वाट संध्याकाळी वर्तमानपत्राच्या सैल बोळ्याने बंद करा. ठासायचं नाही, हलक्या हाताने भरायचं. शेजारी, आत आणि बाहेर, रांगोळी. सकाळी बघा.

बोळा बाहेर ढकललेला: कुणीतरी आत होतं आणि बाहेर गेलं. छान. त्याच संध्याकाळी नवा बोळा.

बोळा आत ओढलेला: बाहेरचं कुणी आत आलंय. खाणं कुठेतरी राहिलंय, टप्पा ३ पुन्हा.

बोळा जागच्या जागी, पण आत लेंड्या ताज्या, मऊ, चकचकीत: आत आहे, पण वाट दुसरी आहे. ती शोधा. बहुतेकदा छपरात सापडते.

सलग तीन रात्री बोळा हलला नाही, रांगोळी कोरी, नवी लेंडी नाही, की चौथ्या सकाळी ती वाट पक्की बुजवा. दोन रात्रींवर समाधान मानू नका. मोठा उंदीर बुजरा असतो, नवी वस्तू दिसली की एखाद-दुसरी रात्र तो तिच्या जवळ जात नाही. बोळा न हलण्याचं कारण तेही असू शकतं.

उंदीर निशाचर आहे, रात्री खायला बाहेर पडतो. त्यामुळे कुठलीही वाट तिन्हीसांजेला पक्की बंद करणं ही सगळ्यांत मोठी चूक: दिवसभर आत झोपलेला नेमका तेव्हाच कोंडला जातो.

## टप्पा ६: कुलूप लावण्याआधी

सिंक कोरडं, नळ बंद. नहाणीच्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि जाळीवर सपाट दगड ठेवा. कमोडचं झाकण लावून वर वजन. उंदीर पाण्यातून पोहत येऊ शकतो. फ्रिज रिकामा, दार किलकिलं. देवघरात तेल, वात, प्रसादाचा नारळ काही नको. घराभोवतीचं गवत आणि लाकडांची रास भिंतीपासून लांब. निघताना घराभोवती एक फेरी, हातात पेन्सिल.

घरावर नजर ठेवणाऱ्याला महिन्यातून एकदा फक्त एवढंच सांगा: "काका, गिलाव्याच्या जागा तेवढ्या बघून फोटो पाठवा." 'घर बघा' असं म्हटलं की लोक कुलूप बघून जातात.

ज्यावर पैसे घालवू नयेत

आवाजाची यंत्रं: तो आवाज भिंत किंवा कपाट ओलांडत नाही, आणि उंदरांना त्याची सवय होते. पुदिन्याचं तेल, कापूर: वास उडेपर्यंत, म्हणजे चार दिवस. डांबरगोळ्यांचं तेच, शिवाय लहान मूल गोळी म्हणून तोंडात घालतं, ते धोक्याचं. विष: खाल्लेला उंदीर माळ्यावर किंवा भिंतीत मरतो, वास तुम्हाला, आणि तो उंदीर खाणारं घुबड किंवा मांजर जातं ते वेगळंच. मांजर पाळायचं असेल तर मांजर आवडतं म्हणून पाळा. बंद घरात त्याला दूध कोण घालणार?

## टप्पा ७: गाडी आणि कॅरव्हॅन

इथेही तोच क्रम, फक्त भोकं वेगळी.

आधी खाणं: सीटखालची बिस्किटं, शेंगदाणे, मुलांच्या सीटच्या खाचेतला चुरा व्हॅक्यूमने काढा. मग शोध: पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी बाहेरची हवा आत घेणारी जागा असते. उंदीर तिथून शिरून केबिन फिल्टरवर घरटं करतो. बहुतेक गाड्यांत फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, काढून बघा. त्या हवेच्या तोंडावर मेकॅनिककडून पाव इंची स्टेनलेस जाळी बसवून घ्या. गाडी उभी करताना एसी 'आतली हवा' या खुणेवर ठेवून मगच इंजिन बंद करा, म्हणजे आतलं झाकण मिटलेलं राहतं. ज्या गाड्यांत बॉनेट उघडं ठेवणं सुरक्षित आहे तिथे रात्री ते उघडं ठेवा. उजेड आणि वारा लागला की आडोसा उरत नाही.

बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायची पद्धत आपल्याकडे जोरात आहे. वास गेला की उपयोग गेला, आणि सुकलेलं पान तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते. ठेवू नका.

कॅरव्हॅनमध्ये खरी वाट खालून असते: पाण्याचा पाईप, सांडपाण्याचा पाईप आणि वीजेची केबल फरशीतून जाते ती भोकं. गाडीखाली आडवे होऊन पेन्सिल लावा. पाईपाभोवती घासणी आणि वर सीलंट; केबलभोवती घासणी नको, पत्र्याची चकती. फ्रिजच्या आणि गॅसच्या झरोक्यांना फक्त जाळी. उभी ठेवायची असेल तेव्हा गाद्या घरात न्या, आणि टायर गवतात नव्हे, फरशीवर किंवा खडीवर असू द्या. टायरवरून वर चढणं उंदराला अजिबात अवघड नाही.

शेवटचं भोक बुजवण्याआधी कॅरव्हॅनमध्येही कागदाचा बोळा तीन रात्री.

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. बॉनेट उघडा, बॅटरीमागे आणि इंजिनच्या झाकणाखाली टॉर्च मारा. पानं, कापूस, सोललेली वायर दिसली तर किल्ली खिशात ठेवा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.